१९६५, मग थेट २००६: मधल्या काळात चिकुनगुनियाचा विषाणू होता कुठे?

प्रश्न: सीताबर्डी_वाचक

नमस्कार. नागपूरच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाविषयी जे हाती लागेल ते मी वाचत असतो. त्यात एक प्रश्न असा आहे की जो मला स्वतःला सोडवता आलेला नाही, म्हणून येथील जाणकारांपुढे ठेवतो आहे.

चिकुनगुनिया म्हटले की आपल्या शहरातील बहुतेकांना २००६ हे वर्ष आठवते. घरोघरी तापाचे रुग्ण होते आणि ताप उतरल्यावरही सांधे इतके धरलेले असत की धडधाकट माणसाला पायऱ्या उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागे. हा आजार आपल्याकडे तेव्हा प्रथमच आला, असे आमच्या मोहल्ल्यात सगळे म्हणत होते. प्रत्यक्षात तो १९६५ मध्येच नागपुरात येऊन गेला होता. भारतातील पहिली नोंदलेली साथ १९६३ ची, कोलकात्याची. १९६४ मध्ये चेन्नई, वेल्लोर आणि पुदुच्चेरी, १९६५ मध्ये विशाखापट्टणम, राजमुंद्री, काकीनाडा, मध्य प्रदेशातील सागर आणि आपले नागपूर असा तिचा प्रवास झालेला दिसतो. त्यानंतर १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला साथ आली आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ देशात मोठ्या साथीची नोंद नाही. मग २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून बातम्या येऊ लागल्या आणि २००६ मध्ये देशभरातील संशयित रुग्णांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली.

या मधल्या काळात डास होते, पावसाळे होते, शहरे वाढत होती, डेंग्यू तर सुरूच होता. मग चिकुनगुनियाचा विषाणू गेला कुठे? तो येथेच दबून राहिला होता की बाहेरून पुन्हा आला? आणि पुन्हा आला असेल, तर १९६५ च्या मानाने इतक्या झपाट्याने का पसरला? केवळ "डास वाढले" एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही, कारण डास तर १९८० मध्येही होतेच.

उत्तर: सूक्ष्मजीवशास्त्र_अध्यापिका

दादा, प्रश्न नेमका आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी देता येते. विषाणूची जनुकीय रचना वाचता येऊ लागल्यापासून साथींचा माग काढणे शक्य झाले आहे आणि चिकुनगुनियाच्या बाबतीत ते काम बरेच झालेले आहे.

हा विषाणू मूळचा आफ्रिकेचा. त्याची पहिली नोंदलेली साथ १९५२-५३ मध्ये तत्कालीन टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियातील माकोंडे पठारावर आली आणि तेथील रुग्णांच्या रक्तातून तो प्रथम वेगळा करण्यात आला. आफ्रिकेच्या जंगलांत तो माकडे आणि झाडांच्या ढोलींत वाढणारे एडिस जातीचे काही डास यांच्यात सतत फिरत असतो, त्यामुळे तेथे त्याला माणसाची गरजच पडत नाही. आशियात मात्र तो शहरी एडिस इजिप्ती डास आणि माणूस या दोघांवरच मुख्यतः जगतो. तुमच्या कोड्याची पहिली किल्ली या फरकात आहे. जेथे माकडांचा आसरा आहे, तेथे साथ संपली तरी विषाणू उरतो, पण जेथे केवळ माणसाचा आसरा आहे, तेथे लागण न झालेली माणसे संपत आली की त्याचीही वाट बंद होत जाते. चिकुनगुनिया एकदा होऊन गेला की त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर टिकते. डेंग्यूचे चार प्रकार असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा होऊ शकतो. चिकुनगुनियाला ही सवलत नाही. म्हणून मधल्या काळात डेंग्यू सुरू राहिला आणि चिकुनगुनिया थांबला, यात विसंगती काही नाही.

तो खरोखरच थांबला होता याला पुरावाही आहे. १९६३ च्या साथीनंतर सुमारे तीस वर्षांनी कोलकात्यात लोकांचे रक्त तपासले गेले, तेव्हा चिकुनगुनियाची प्रतिपिंडे, म्हणजे लागण झाल्यावर शरीर तिच्याविरुद्ध बनवते ती प्रथिने, प्रामुख्याने पन्नाशीच्या आसपासच्या माणसांत सापडली, मुलांत आणि तरुणांत ती नव्हती. विषाणू त्या शहरात गुपचूप फिरत राहिला असता, तर साथीनंतर जन्मलेल्यांच्या रक्तातही त्याची खूण राहिली असती.

आता "तोच विषाणू परत आला का" या भागाकडे येते. चिकुनगुनियाचे तीन मुख्य जनुकीय गट मानले जातात: पश्चिम आफ्रिकी, पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी आणि आशियाई. १९६३ ते १९७३ या काळातील भारतीय विषाणू आशियाई गटाचे होते. २००५-०६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातील रुग्णांच्या नमुन्यांतून जे विषाणू वेगळे केले, ते पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी गटाचे निघाले. म्हणजे नागपूरला १९६५ मध्ये आलेला आणि २००६ मध्ये आलेला विषाणू एकाच जातीचे असले, तरी दुसरा हा पहिल्याचा वंशज नव्हे. तो आफ्रिकेतून स्वतंत्रपणे आला.

त्या आगमनाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून थोडी सविस्तर सांगते. २००४ च्या मध्यास केनियाच्या किनाऱ्याजवळील लामू बेटावर आणि नंतर मोंबासा शहरात साथ उसळली. लामूत बहुसंख्य लोकसंख्येला लागण झाल्याचे नंतरच्या रक्ततपासण्यांतून दिसले. विशेष म्हणजे ही साथ अतिवृष्टीत नव्हे, तर अवर्षणात आली. पाऊस लांबल्यामुळे लोकांनी घरात पाणी साठवले, साठवण नेहमीसारखी वरचेवर उपसली गेली नाही आणि त्या भांड्यांतच एडिस वाढला, असे तेथील अभ्यासकांनी मांडले आहे. तेथून विषाणू कोमोरोस बेटांवर आणि पुढे फ्रान्सच्या ताब्यातील रियुनियन बेटावर पोहोचला. २००५-०६ मध्ये त्या बेटाच्या साधारण एक तृतीयांश रहिवाशांना, म्हणजे सुमारे २,६६,००० लोकांना चिकुनगुनिया झाला. भारतातली साथही याच पूर्व आफ्रिकी शाखेतून निघाली, परंतु जनुकीय तुलनेवरून असे दिसते की ती रियुनियनमार्गे आली नाही. हिंदी महासागरातील बेटे आणि भारत येथे विषाणू वेगवेगळ्या वाटांनी पोहोचला.

यात एक कोडे मात्र तसेच राहते. २००० मध्ये पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून चिकुनगुनियाचा विषाणू मिळाला होता आणि नंतरच्या तपासणीत तोही आफ्रिकी गटाचाच ठरला. म्हणजे मोठी साथ येण्याच्या पाच वर्षे आधी आफ्रिकी गटाचा विषाणू महाराष्ट्रात येऊन पोहोचला होता, तरीही त्या वेळी साथ पेटली नाही. विषाणूचे येणे आणि साथीचे उसळणे या दोन वेगळ्या घटना आहेत, याचे यवतइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. विषाणू अनेकदा येत असतो. तो ज्या गावात, ज्या ऋतूत उतरतो, तेथे पुरेसे डास आणि लागण न झालेली पुरेशी माणसे एकाच वेळी असावी लागतात. नाहीतर दोन-चार रुग्ण होऊन तो विझतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

२००६ मध्ये तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. १९६५ नंतर जन्मलेला जवळपास प्रत्येक नागपूरकर या विषाणूला नवखा होता. चाळिशीच्या आतले अख्खे शहर मोकळे होते म्हणा ना.

वेगाचा प्रश्न उरतो. रियुनियनमधील विषाणूत साथीच्या मध्यावर एक छोटा जनुकीय बदल, म्हणजे उत्परिवर्तन, दिसून आला: त्याच्या बाह्य आवरणावरील ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी अॅलनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले. एवढ्याने तो एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासाच्या शरीरात कितीतरी पटींनी सहज वाढू लागला. २००७ मध्ये केरळातही हाच बदल आढळला, आणि त्याच वर्षी केरळातून गेलेल्या एका प्रवाशामुळे इटलीच्या रावेन्ना भागातील खेड्यांत दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली. पण २००६ मध्ये महाराष्ट्रातून मिळालेल्या विषाणूत हा बदल नव्हता, हे मुद्दाम लिहिते, कारण वर्तमानपत्रांतून नागपूरच्या साथीचे कारण म्हणून तोच सांगितला जातो. आपल्या साथीचे वाहन जुनेच होते, एडिस इजिप्ती. म्हणून विदर्भाच्या बाबतीत मी उत्परिवर्तनापेक्षा नवखी लोकसंख्या आणि पाणीसाठे यांना अधिक वजन देते.

उत्तर: धरमपेठ_वैद्यक

अध्यापिका ताईंनी विषाणूची बाजू नेमकी मांडली आहे. मी रुग्णांच्या बाजूने थोडी भर घालतो.

हा आजार इतक्या झपाट्याने का पसरतो, याचे एक उत्तर काळाच्या गणितात आहे. डास चावल्यापासून साधारण तीन ते सात दिवसांत माणसाला ताप येतो आणि तापाच्या पहिल्या दिवसांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण अतिशय जास्त असते. त्या काळात चावलेल्या डासाच्या लाळेत विषाणू पोहोचायला डेंग्यूच्या मानाने कमी दिवस लागतात, अनुकूल तापमानात दोन-तीन दिवसही पुरतात. म्हणजे एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंतचे चक्र दोन आठवड्यांच्या आत पूर्ण होते. एडिसची मादी दिवसा चावते, आणि जरा हालचाल झाली की उठून दुसऱ्याला चावते, त्यामुळे एकाच घरातले चार जण एकाच आठवड्यात आडवे होतात. लोकांना वाटते की आजार एकमेकांच्या संपर्काने लागला. तसे नसते. डास मात्र तोच असू शकतो.

जुन्या साथी इतिहासात कमी का दिसतात, याबद्दलही एक शंका मनात ठेवायला हवी. चिकुनगुनिया आणि डेंग्यू यांची सुरुवात इतकी सारखी असते की प्रयोगशाळेच्या मदतीशिवाय त्यांची गल्लत सहज होते. एकोणिसाव्या शतकात हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर आणि भारतात सांधेदुखीसह तापाच्या ज्या मोठ्या साथी डेंग्यू म्हणून नोंदल्या गेल्या, त्यांतल्या काही, विशेषतः १८२४ आणि १८७१-७२ च्या, वस्तुतः चिकुनगुनियाच्या असाव्यात, असे मत अभ्यासकांनी लक्षणांच्या वर्णनावरून मांडले आहे. तसे असेल, तर हा विषाणू शिडाच्या आणि वाफेच्या जहाजांतून आपल्याकडे अनेकदा आला, पसरला आणि विझला. १९६३ हे फक्त त्याचे नाव आपल्या नोंदवहीत प्रथम चढण्याचे वर्ष आहे.

२००६ मध्ये मला सर्वांत त्रास झाला तो अफवांचा, विशेषतः कोंबडी खाल्ल्याने चिकुनगुनिया होतो या अफवेचा. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, त्यामुळे अनेकांनी या दोन आजारांची सांगड घातली असावी. माणसे कोंबडी खाणे सोडत होती आणि अंगणातला पाण्याचा हौद तसाच उघडा ठेवत होती.

तपासणीबाबत एक सूचना करतो. ताप आल्यापासून पहिल्या पाच-सहा दिवसांत विषाणूचा थेट शोध घेणारी आरटी-पीसीआर चाचणी उपयोगी पडते, तर आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतरच भरवशाची ठरते. तिसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी नकारात्मक आली म्हणून चिकुनगुनिया नाही, असा निष्कर्ष काढू नये. शिवाय डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सांध्यांच्या वेदना असह्य झाल्या की लोक नेमके हेच करतात.

प्रतिसाद: सीताबर्डी_वाचक

आपणा दोघांचेही मनापासून आभार. "विषाणूचे येणे आणि साथीचे उसळणे वेगळे" हा मुद्दा मी याआधी कुठेच वाचला नव्हता. आता पुढचा प्रश्न अपरिहार्य आहे. २००६ मध्ये शहरातील इतक्या लोकांना प्रतिकारशक्ती मिळाली असेल, तर २०२४ च्या पावसाळ्यात नागपूर आणि पुण्यात चिकुनगुनियाने पुन्हा डोके का वर काढले? १९७३ नंतर जशी तीन दशकांची शांतता मिळाली, तशी या वेळी का मिळाली नाही?

उत्तर: कीटक_सर्वेक्षक

मी विदर्भात कीटकजन्य आजारांच्या सर्वेक्षणाचे काम करतो, त्यामुळे घरोघरचे पाणीसाठे पाहण्यातच माझी बरीच वर्षे गेली आहेत. दादांच्या या प्रश्नाचे उत्तर दोन टोकांकडून द्यावे लागेल.

एक टोक माणसांचे. साथीत शहरातील सर्वांना लागण होत नाही. काही वस्त्या होरपळतात आणि त्यांच्या शेजारच्या वस्त्या कोरड्या राहतात, कारण एडिस फार दूर उडत नाही. जन्मभर तो बहुधा शे-दोनशे मीटरच्या परिसरातच फिरतो. २००६ मध्ये सुटलेल्या वस्त्या होत्याच, आणि त्यानंतर जन्मलेली मुले आता कॉलेजात जाऊ लागली आहेत. त्यात शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेरून आलेल्यांची भर आहे. शहराच्या कडेला नव्याने झालेल्या ले-आऊटमध्ये तर बहुतेक कुटुंबे गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेली असतात. दुसरे असे की १९७३ नंतर देशभरच हा विषाणू दिसेनासा झाला होता. २००६ नंतर मात्र तो देशातून पुन्हा गेलाच नाही. कधी या राज्यात, कधी त्या राज्यात तो फिरत राहतो. २०१६ मध्ये दिल्लीत मोठी साथ झाली, हे आपल्याला आठवत असेल. रेल्वे आणि रस्ते यांच्या मध्यावर वसलेल्या नागपुरात तो दर काही दिवसांनी कोणाच्या तरी रक्तातून येत असणार, असे मी गृहीत धरूनच चालतो.

दुसरे टोक डासांचे, आणि येथे मला आपल्या शहराविषयी कळकळीने काही सांगायचे आहे. एडिस गटारात वाढत नाही. तो स्वच्छ, साचलेल्या पाण्यात, तेही घरात आणि घराभोवती वाढतो, आणि नागपुरात त्याला सर्वांत सोयीची जागा आपण स्वतः उभी करून देतो, ती म्हणजे कूलर. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या घरात असताना कूलर लावलेली खोली थंड, दमट आणि अंधारी असते. भर उन्हाळ्यात जो डास तग धरू शकला नसता, त्याला तेथे आसराही मिळतो आणि अंडी घालायला टाकीही मिळते. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उष्ण हवेत आठवडाभरात पूर्ण होतो, म्हणूनच टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करण्याचा आग्रह आम्ही धरतो. "आम्ही रोज पाणी भरतो" असे लोक सांगतात, आणि ते खरेही असते. पण रोज वरून पाणी भरणे आणि टाकी उपसून कोरडी करणे यांत फार मोठे अंतर आहे. भरत राहिल्याने अळ्यांचे काहीच बिघडत नाही.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अंडी. मादी ती पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी आटले तरी ती मरत नाहीत, सुक्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. पावसाळा लागला की कूलरचे पाणी ओतून देऊन तो गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या टाकीच्या भिंतीला चिकटलेली अंडी गच्चीवर पहिल्याच पावसाचे पाणी साचले की उबतात, आणि जिन्याखाली राहिलेली पुढच्या मार्चपर्यंत वाट पाहू शकतात. म्हणून कूलर आवरताना टाकी आतून काथ्याने किंवा ब्रशने घासून, उन्हात वाळवून मगच झाकून ठेवावी, आणि गवताच्या जुन्या ताट्या काढून जाळून टाकाव्यात. हे एवढे एक काम प्रत्येक घराने जूनमध्ये केले, तर ऐन पावसाळ्यात आमच्या फवारणीवर पडणारा भार कमी होईल. धुराची फवारणी उडते डास मारते, तीही थोड्या वेळापुरती. अंडी आणि अळ्या तिच्यातून सुटतात, त्यामुळे "गाडी आली नाही" या तक्रारीपेक्षा "टाकी घासली का" हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

कूलरखेरीज नळाचे पाणी एक दिवसाआड येणाऱ्या भागांत रांजण, ड्रम आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवाव्याच लागतात. ताईंनी लामूचे उदाहरण दिले ते वाचताना मला हेच भाग डोळ्यांपुढे आले. तेथे लोकांना पाणी साठवू नका असे सांगणे अन्यायाचे आहे. साठ्याला घट्ट झाकण, ते शक्य नसेल तर पातळ कापड बांधणे, आणि मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणे हेच तेथे करता येते, आणि ते नेटाने केले तर पुरेसे असते.

प्रश्न: खामला_रहिवासी

या चर्चेत एक उपप्रश्न विचारतो. १९६५ च्या याच साथीत नागपुरात चांदीपुरा विषाणूही सापडला होता ना? मग तोही डासांतूनच पसरतो का, आणि त्यालाही हेच उपाय लागू पडतात का?

उत्तर: सूक्ष्मजीवशास्त्र_अध्यापिका

होय, संदर्भ बरोबर आहे. १९६५ मध्ये नागपुरात तापाची जी साथ होती, तिच्या तपासात चिकुनगुनिया आणि डेंग्यू हे दोन्ही विषाणू आढळले, आणि त्याच वेळी घेतलेल्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या संस्थेला, जिचे तेव्हाचे नाव विषाणू संशोधन केंद्र होते, एक अगदी निराळा विषाणू मिळाला. नागपुरातील वस्तीच्या नावावरून त्याला चांदीपुरा म्हटले गेले. पुढे बरीच वर्षे तो निरुपद्रवी समजला जात होता. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि महाराष्ट्रात लहान मुलांमध्ये मेंदूज्वराची जी घातक साथ आली, तिच्यात त्याचा संबंध आढळल्यावर त्याच्याकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले, आणि २०२४ मध्ये गुजरातेतही त्याने मुलांचे बळी घेतले.

मात्र चिकुनगुनियाशी त्याचे नाते फक्त शहरापुरते आणि वर्षापुरते आहे. तो पूर्णपणे वेगळ्या कुळातला, रेबीजच्या विषाणूच्या कुळातला आहे, आणि त्याचा मुख्य प्रसार सँडफ्लाय या डासाहून कितीतरी बारीक माशीमार्फत होतो. ही माशी पाण्यात अंडी घालत नाही. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओलसर शेणमाती, पालापाचोळ्याचे ढीग अशा जागी ती वाढते. त्यामुळे कूलरची टाकी घासल्याने चांदीपुराला आळा बसणार नाही. त्यासाठी भेगा लिंपणे, गोठा घरापासून दूर आणि कोरडा ठेवणे, भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी करून घेणे आणि लहान मुलांना बारीक छिद्रांच्या मच्छरदाणीत झोपवणे हे उपाय करावे लागतात, कारण साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ही माशी आत शिरते. आणि मुलाला अचानक तीव्र ताप येऊन झटके किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. या आजारात मुलाची प्रकृती काही तासांत ढासळू शकते.